कर्णानं नाकारलेलं आयुष्य

मॅट हेग यांची 'द मिडनाइट लायब्ररी' ही कादंबरी २०२० साली आली आणि जगभरच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. तिची नायिका नोरा सीड इंग्लंडमधल्या बेडफर्ड गावात राहते. नोकरी सुटलेली, मांजर मेलेलं, भाऊ दुरावलेला. आपल्यावाचून कुणाचं काही अडत नाही, असं वाटून एका रात्री ती गोळ्या घेते. जगणं आणि मरणं यांच्या मध्ये तिला एक ग्रंथालय लागतं. तिथलं घड्याळ मध्यरात्रीवर थांबलेलं आहे आणि ग्रंथपाल म्हणून समोर उभ्या आहेत तिच्या शाळेतल्या मिसेस एल्म. कपाटातलं एकेक पुस्तक म्हणजे नोराला जगता आलं असतं असं एकेक आयुष्य. पोहणं सोडलं नसतं तर, ठरलेलं लग्न मोडलं नसतं तर, मैत्रिणीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली असती तर. पुस्तक उघडलं की ती त्या आयुष्यात उतरते, आणि तिथं मन रमेनासं झालं की ग्रंथालयात परतते. जलतरणपटू, हिमनद्यांची अभ्यासक, गाजलेली गायिका, एका डॉक्टरची बायको आणि एका लहान मुलीची आई अशी कितीतरी आयुष्यं पाहून झाल्यावर तिला आपलं मूळचं आयुष्यच हवंसं वाटू लागतं. एवढी मोठी कल्पना हाती असताना पुस्तक मिटल्यावर निराशा येते, आणि ती भाषेमुळं किंवा रचनेमुळं येत नाही. भाषा साधी आहे, गोष्ट झपाट्यानं पुढं जाते. निराशा होते ती उत्तरामुळं. कारण कादंबरीनं विचारलेला प्रश्न मुळात धर्मचिंतनाच्या प्रांतातला आहे: जे आयुष्य माझ्या वाट्याला आलं नाही, त्याचं आणि माझं नातं काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्यातल्या गारगोटीला हा प्रश्न परका नाही. एक भाऊ नोकरीसाठी मुंबईला गेला आणि दुसरा शेती सांभाळत गावी राहिला, अशी घरं या भागात जागोजागी आहेत. दोघंही आयुष्यभर एकमेकांकडं पाहत 'मी तिथं असतो तर' असं मनात म्हणत राहतात. बहीण शिकली असती तर काय झाली असती, हे घरातलं न बोललं जाणारं तिसरं वाक्य. अशा माणसांच्या हाती ही कादंबरी पडली, तर ती त्यांना काय सांगते? ती सांगते की जाऊन पाहून या. ऑस्ट्रेलियाला गेली असतीस तर मैत्रीण अपघातात गेली असती. गायिका झाली असतीस तर भाऊ व्यसनानं गेला असता. मांजराला घरात कोंडून ठेवलं असतंस तरी ते मेलंच असतं, कारण त्याचं हृदय जन्मतःच दुबळं होतं. थोडक्यात, जे हुकलं त्यात फार काही नव्हतं. हे समाधान आहे, पण ते उलटतपासणीतून काढलेलं समाधान आहे. दुसरं आयुष्य वाईट निघालं म्हणून आपलं चांगलं, एवढाच त्याचा पाया. आणि हा पाया कादंबरीतच एकदा खचतो. डॉक्टर ॲश आणि मुलगी मॉली यांच्याबरोबरचं आयुष्य नोराला खरोखर आवडतं. त्यात प्रेम आहे, काम आहे, घर आहे. चाचणीचाच नियम लावायचा तर ती इथं राहायला हवी. पण इथं लेखक नियम बदलतो: हे सुख तिनं स्वतः कमावलेलं नाही, म्हणून ते तिचं नव्हे. ही गोष्ट खरी असेल तर ती पहिल्या पुस्तकालाही लागू होती. मग बाकीची कपाटं उघडायची गरजच काय होती?

हाच प्रश्न आपल्याकडं फार जुन्या काळी अधिक कठोरपणे विचारला गेला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर हस्तिनापूर सोडताना कृष्ण कर्णाला आपल्या रथात घेतो आणि त्याच्यापुढं एक संपूर्ण पर्यायी आयुष्य ठेवतो. तू कुंतीचा कन्यावस्थेतला पुत्र आहेस. शास्त्राप्रमाणे अशा मुलाचा बाप म्हणजे आईशी लग्न करणारा पुरुष, म्हणून तू पांडूचा थोरला मुलगा. माझ्याबरोबर चल. पाचही पांडव तुझे पाय धरतील. युधिष्ठिर युवराज होऊन तुझ्यावर चवरी ढाळील, भीम छत्र धरील, अर्जुन तुझा रथ हाकील, द्रौपदीही तुझी होईल. यातला एकही शब्द खोटा नाही. मध्यरात्रीच्या ग्रंथालयातल्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे आयुष्य मोठं आहे, आणि विशेष म्हणजे हे सैर करण्यासाठी दिलेलं नाही. कर्णानं हो म्हटलं असतं, तर ते संध्याकाळपर्यंत खरं झालं असतं. कर्ण नाही म्हणतो. तो कसं नाही म्हणतो, ते नीट पाहण्यासारखं आहे. त्या राज्यात काही खोट आहे, असं तो एकदाही सुचवत नाही. पांडवांच्या घरात सुख नसेल, द्रौपदी मनापासून वरणार नाही, असले बहाणे तो काढत नाही. उलट युधिष्ठिर धर्मात्मा आहे, तोच राजा होण्याला योग्य आहे, असं तो कृष्णाला सांगतो. आणि नकाराची कारणं म्हणून राधेचं दूध पुढं करतो. टाकून दिलेलं मूल घरी आणल्यावर मायेनं राधेला पान्हा फुटला, तिनं त्याचं हगणंमुतणं काढलं. अधिरथानं जातकर्म केलं, वसुषेण नाव ठेवलं, वयात आल्यावर लग्नं लावून दिली. आता मुलं आहेत, नातवंडं आहेत, हृदय त्या सगळ्यांत गुंतलेलं आहे. राधेचं पिंडदान कोण करणार? दुर्योधनानं माझ्या भरवशावर शस्त्र उचललं आहे, त्याचं काय?

माझ्या मते आपल्या परंपरेनं या प्रश्नाला दिलेलं हे सर्वांत खोल उत्तर आहे. आपलं आयुष्य आपलं का, तर ते सगळ्यांत सुखाचं म्हणून नव्हे. त्यात कुणीतरी आपलं हगणंमुतणं काढलेलं असतं आणि कुणीतरी आपल्या भरवशावर उभं असतं, म्हणून. आणि या उत्तराचा दुसरा अर्धा भाग असा की नाकारलेलं आयुष्य चांगलं होतं, हे कबूल केल्याशिवाय या निष्ठेला किंमत येत नाही. कृष्णानं देऊ केलेलं राज्य कुजकं असतं, तर कर्णाचा नकार म्हणजे निव्वळ व्यवहार ठरला असता. नोराला जे आयुष्य शेवटी हवंसं वाटतं, ते तिला स्वस्तात मिळतं, कारण सोडण्यासारखं दुसरं काही लेखकानं शिल्लकच ठेवलेलं नाही. जिथं शिल्लक राहिलं, तिथं त्यानं तिला धक्का देऊन बाहेर काढलं. निवड तिला करूच दिली नाही.

आजऱ्यात १९४० साली जन्मलेल्या शिवाजी सावंतांनी हाच कर्ण 'मृत्युंजय'मध्ये मराठी घराघरांत नेला. ती कादंबरी १९६७ साली आली. आजरा आणि भुदरगड हे शेजारशेजारचे तालुके, त्यामुळं गारगोटीच्या वाचकाला ती घरची वाटते. तिच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की जिचा या चर्चेशी थेट संबंध येतो. कर्णाची कथा एकटा कर्ण सांगत नाही. कुंती सांगते, दुर्योधन सांगतो, बायको वृषाली सांगते, भाऊ शोण सांगतो आणि शेवटी कृष्ण सांगतो. एका माणसाचं आयुष्य सहा तोंडांनी सांगावं लागतं, म्हणजेच ते त्या सहा जणांचंही असतं, ही गोष्ट सावंतांनी रचनेतच मांडून ठेवली. 'मिडनाइट लायब्ररी'त पाहणारी एकच आहे. मॉलीच्या बाजूनं, ॲशच्या बाजूनं, ज्या नोराच्या शरीरात ही पाहुणी शिरली त्या मूळच्या नोराच्या बाजूनं एकही पान नाही. 'मृत्युंजय' आपल्याकडं पुष्कळदा हळहळीचं पुस्तक म्हणून वाचली जाते, कर्ण पांडव म्हणून वाढला असता तर काय झालं असतं या चुटपुटीनं वाचली जाते, हे खरं आहे. पण ती चुटपुट वाचकाची असते. कृष्णापुढं उभ्या असलेल्या कर्णाला ती नाही, आणि त्याला ती का नाही हे समजून घेणं यातच त्या पात्राचं मोठेपण आहे.

इथं एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. कर्ण ज्या बाजूला राहिला ती अधर्माची बाजू होती. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना झाली तेव्हा तो गप्प बसला नव्हता, त्यानं तीत भर घातली होती. मग आपल्या वाट्याचं आयुष्य धरून राहणं म्हणजे चुकीला धरून राहणं झालं, असं का म्हणू नये? शिवाय त्याच्या बोलण्यात कीर्तीचा मोहही आहे. आता माघार घेतली तर लोक अर्जुनाला भ्यालो असं म्हणतील, असंही तो सांगतो. हे दोन्ही मान्य करायला हवं. निष्ठा आहे म्हणून कृत्य पवित्र होत नाही, आणि कर्णाला मी इथं आदर्श म्हणून उभा करत नाही. पण त्याच संवादात पुढं तो आणखी एक गोष्ट बोलतो. दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून आपण पांडवांना जे कडू बोललो, त्या कर्माचा आज आपल्याला ताप होतो, अशी कबुली तो कृष्णापुढं देतो. म्हणजे जे राज्य हुकलं त्याचं दुःख त्याला नाही, आणि जे कृत्य हातून झालं त्याचं मात्र आहे. ही दोन दुःखं त्यानं एकमेकांत मिसळू दिलेली नाहीत.

नोराला ग्रंथालयात मिळतं ते पहिलं पुस्तक पश्चात्तापांचं आहे आणि त्यात ही दोन्ही दुःखं एकाच यादीत लिहिलेली आहेत. ऑलिम्पिकला गेले नाही, हे एक. ठरलेलं लग्न दोन दिवसांवर आलेलं असताना मोडलं आणि भावाचं स्वप्न असलेला बँड सोडला, हे दुसरं. पहिल्या प्रकारच्या दुःखाला कल्पनेचा इलाज चालेल कदाचित. तिथं जाऊन पाहिलं तर ओढ कमी होईल. दुसऱ्या प्रकाराला तो चालत नाही. भावाला दुखावलं असेल, तर ते दुखावणं झालेलं आहे. बँडमध्ये राहिली असती तर तो व्यसनानं मेला असता, हे कळल्यानं त्याच्या मनाला लागलेलं पुसलं जात नाही. त्यासाठी त्याच्याकडं जाऊन बोलावं लागतं. परिणाम चांगला झाला म्हणून कृत्याचा हिशेब मिटला, असं कुठल्याही धर्मानं मानलेलं नाही. हिंदू प्रायश्चित्त सांगतात, जैन प्रतिक्रमणात रोजच्या दोषांची उजळणी करून क्षमा मागतात, ख्रिस्ती पापनिवेदन करतात, मुसलमान तौबा करताना ज्या माणसाचं नुकसान केलं त्याची भरपाई सांगतात. चारही ठिकाणी जाण्याची दिशा एकच आहे: हातून झालेल्या कृत्याकडं. पर्यायी आयुष्याकडं जाण्याची वाट कुणी दाखवलेली नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडं तर पुनर्जन्म आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा मानणाऱ्यांनी एका स्त्रीच्या काही आयुष्यांवर आक्षेप का घ्यावा? पण फेऱ्याची कल्पना आणि या ग्रंथालयाची कल्पना एकमेकांच्या उलट्या आहेत. पुनर्जन्मात मागची आठवण राहत नाही, हिशेब मात्र राहतो. ग्रंथालयात आठवण राहते आणि हिशेब राहत नाही. नोरा प्रत्येक ठिकाणाहून शिकून निघते, पण तिथं केलेल्या कशाचंही तिला काही लागत नाही. एका आयुष्यात ती हजारभर माणसांसमोर भलतंच भाषण करते आणि निघून जाते. मागं राहिलेल्या बाईनं त्याचं काय करायचं, हा प्रश्न उठत नाही. कर्मसिद्धान्तानं या देशात पुष्कळ अन्याय झाकला आहे, आणि त्याचा बचाव करण्याचा माझा हेतू नाही. पण कुठलंही आयुष्य फुकट पाहायला मिळत नाही, एवढी शिस्त त्यात नक्की आहे. वारकरी संतांनी मोक्ष बाजूला सारून पुन्हा जन्म मागितला, तोही नामासाठी आणि संतसंगतीसाठी मागितला. तिथंही दुसरं आयुष्य हवं आहे ते कुणाच्या तरी सोबतीसाठी.

योगवासिष्ठात लवण राजाची कथा आहे. ती वाचली की या कादंबरीतलं उणेपण अगदी उघड दिसतं. दरबारात एक इंद्रजाली येतो, एक घोडा दाखवतो, आणि राजा दोन मुहूर्त निश्चल बसून राहतो. तेवढ्या वेळात तो एक अख्खं आयुष्य जगून येतो. रानात वाट चुकतो, भुकेनं व्याकूळ झालेला असताना एक चांडाळकन्या त्याला लग्नाच्या अटीवर अन्न देते, तो तिच्याशी लग्न करतो, मुलं होतात, म्हातारा होतो, दुष्काळ पडतो, आणि भुकेल्या पोरासाठी स्वतःला आगीत झोकून द्यायला निघतो तेव्हा सिंहासनावर जागा होतो. इथवरची गोष्ट हेगच्या कादंबरीसारखीच आहे. फरक पुढं पडतो. राजाला राहवत नाही. तो परिवार घेऊन विंध्याच्या रानात ती जागा शोधत जातो, आणि ती सापडते. तिथं एक म्हातारी लेक, जावई आणि नातवंडं दुष्काळात गेली म्हणून रडत बसलेली असते. ती त्याची सासू. राजा तिचं सांत्वन करतो, तिची व्यवस्था लावतो, मग परततो. वसिष्ठांना या कथेतून मनाची करामत आणि जगाचं मिथ्यात्व सांगायचं आहे. मला मात्र त्यात ही म्हातारी जास्त मोलाची वाटते. जग मिथ्या आहे असं सांगणाऱ्या ग्रंथालाही त्या स्वप्नातल्या सासूला वाऱ्यावर सोडवलं नाही. दुसऱ्या आयुष्यात एकदा पाऊल टाकलंस, तर तिथल्या माणसांचं तुझ्यावर ऋण झालं, आणि ते फेडायला तुला राजवाडा सोडून जावं लागेल. नोराच्या मागं मॉली राहते. चार वर्षांच्या आसपासची ती पोर, जिला रात्री गोष्ट सांगून निजवलं, तिच्याबद्दल नोराला वियोगाचं दुःख होतं आणि त्यावर ती मात करते. त्या दुःखाचं पुढं काय करायचं, हे विचारलं असतं तर ही कादंबरी मोठी झाली असती.

पर्यायी आयुष्यांच्या या कल्पनेच्या बचावासाठी आधुनिक भौतिकशास्त्र पुढं केलं जातं, आणि कादंबरीतही पुंजभौतिकीचा आधार घेतलेला आहे. ह्यू एव्हरेटनं १९५७ साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे विश्वाच्या शाखा फुटत जातात हे खरं, पण एका शाखेतल्या माणसाला दुसरीत सहलीला जाण्याची सोय त्यात नाही. विज्ञानाची शिस्त पाळूनही असा खेळ किती सच्चेपणानं खेळता येतो, ते कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत दाखवलं आहे. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात जाऊन पोहोचतात, जिथं १७६१ साली पानिपतावर विश्वासरावाला गोळी लागली नाही आणि मराठे जिंकले. ही कथा 'द ॲडव्हेंचर' या नावानं एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात गेली. त्या रूपात एक छोटा प्रसंग आहे. त्या दुसऱ्या मुंबईत गंगाधरपंत आपल्या मुलाच्या कचेरीत जाऊन त्याची चौकशी करतात, आणि त्या नावाचा माणूसच तिथं नसतो. एवढंच. मराठ्यांचा विजय झालेलं जग पाहायला मिळालं, पण त्या जगात आपला मुलगा नाही. नारळीकर तिथं भावनेचा एक शब्द वाढवत नाहीत, पण त्या एका नकारात जे आहे ते नोराच्या साऱ्या आयुष्यांत मिळून नाही: इतिहास बदलला की आधी आपली माणसं नाहीशी होतात.

आतापर्यंतचा सगळा युक्तिवाद ज्यांना निवड करता आली त्यांच्याबद्दलचा आहे. ज्यांना ती करताच आली नाही, त्यांचं काय? इथं ही कादंबरी नुसती अपुरी पडत नाही, ती अन्याय करते. तिचं समाधान नोराला लागू पडतं, कारण नोरानं पोहणं स्वतः सोडलं. ज्या मुलीला चौथीनंतर शेळ्या राखायला पाठवलं, तिला 'शिकली असतीस तरी सुखी झाली नसतीस' असं सांगणं म्हणजे तिच्यावर झालेल्या अन्यायाला तत्त्वज्ञानाचं पांघरूण घालणं आहे. हे पांघरूण आपल्याकडं शतकानुशतकं घातलं गेलं. कोल्हापूरच्या मातीत त्याला उत्तर मिळालं ते ग्रंथातून नव्हे, हुकुमातून. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्यांनी जगता न आलेल्या आयुष्याचं दुःख खरं मानलं. ते आयुष्य मोलाचं होतं, ते हिरावलं गेलं होतं आणि ते पुढच्याला मिळालं पाहिजे, एवढं धरून ते चालले. हुकलेल्या आयुष्याचं मोल कमी लेखणाऱ्या विचारातून असा एकही हुकूम निघू शकला नसता.

गारगोटीत १९५२ साली सुरू झालेलं मौनी विद्यापीठ हे त्याच मार्गावरचं काम. पाटगावच्या मौनी महाराजांचं नाव त्याला दिलेलं आहे. ते उभं करणारे जे. पी. नाईक आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे, १९०७ साली जन्मलेले; त्यांचं मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्यांनी जयंत पांडुरंग नाईक हे नाव घेतलं आणि पुढं आयुष्यभर तेच वागवलं. कोठारी आयोगाचे सदस्य सचिव म्हणून सारा देश त्यांना त्याच नावानं ओळखतो. नाव बदलून दुसरा माणूस होणं, हे नोराच्या पुस्तक उघडण्याच्या जवळचं वाटेल. पण त्यांनी आपल्यासाठी जास्त सुखाचं आयुष्य शोधायला नाव बदललं नव्हतं, आणि त्या नावाखाली ते आपल्याच मुलखात परत आले, ते खेड्यातल्या मुलांना खेडं न सोडता शिकता यावं म्हणून. विठ्ठल घोटगे राहिले असते तर ते जास्त समाधानी झाले असते का, हा प्रश्न विचारून पाहावा. तो पोकळ वाटतो, कारण त्या आयुष्याचं मोजमाप त्यांच्या समाधानात मावतच नाही.

गारगोटीतच, मौनी विद्यापीठ सुरू होण्याआधी दहा वर्षं, १३ डिसेंबर १९४२ रोजी, 'चले जाव'च्या लढ्यात कचेरीवर हल्ला करताना सात जण हुतात्मा झाले. त्यांची न जगलेली आयुष्यं कुठल्याही कपाटात नाहीत. ती जगली गेली असती तर त्यांतही दुःखच निघालं असतं, असं म्हणण्याचा अधिकार कुणाला आहे? शेत, लग्न, मुलं, म्हातारपण हे सगळं चांगलंच असतं, निदान चांगलं असू शकलं असतं, असं धरलं तरच त्यांनी दिलं ते बलिदान ठरतं. 'दुसरी सगळी आयुष्यं अशीच उणी असतात' हे वाक्य त्यांच्या स्मारकासमोर उच्चारता येत नाही. जे तत्त्वज्ञान तिथं उच्चारता येत नाही, ते बेडफर्डमधल्या एकाकी स्त्रीसाठी तरी पुरेसं कसं असेल, हा माझा कादंबरीशी खरा वाद आहे.

यावर शेवटचा आणि सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप असा की ही कादंबरी तत्त्वज्ञानाची परीक्षा द्यायला लिहिलेलीच नाही. ती मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मागं ओढण्यासाठी लिहिलेली आहे. हेग स्वतः ऐन तारुण्यात नैराश्यानं कड्याच्या टोकापर्यंत गेले होते. 'रीझन्स टू स्टे अलाइव्ह' या २०१५ सालच्या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं आहे. एखादा वाचक या कादंबरीमुळं जगला असेल, तर तिच्यावरची सगळी टीका त्यापुढं हलकी आहे, हे मी मनापासून मानतो. पण त्याच माणसाची काळजी असेल, तर त्याला दिलेला आधार टिकेल का, हेही विचारलं पाहिजे. दुसरी आयुष्यं वाईट होती म्हणून जग, हा आधार तितकाच टिकतो, जितका वेळ दुसरं एखादं आयुष्य डोळ्यांसमोर चांगलं दिसत नाही. आजच्या घडीला तर दुसऱ्यांची चांगली आयुष्यं मोबाईलच्या पडद्यावर दिवसभर डोळ्यांसमोर असतात. ती सगळी आतून पोकळ आहेत, असं किती वेळा स्वतःला पटवायचं? आणि त्यातलं एखादं खरोखरच चांगलं निघालं तर?

टिकणारा आधार या कादंबरीत आहे, आणि लेखकाला तो सापडलेलाही होता. मूळच्या आयुष्यात नोरा लिओ नावाच्या मुलाला पियानो शिकवत असते आणि शेजारच्या बॅनर्जी आजोबांना औषधं आणून देत असते. ॲश आणि मॉलीच्या त्या सुखी आयुष्यात ती बेडफर्डला येते तेव्हा तिला दिसतं की शिकवायला कुणी नसल्यानं लिओ वाया गेला आहे, त्याला पोलिसांनी पकडलं आहे. आणि बॅनर्जी आपल्या घरात राहिलेले नाहीत, त्यांना वृद्धाश्रमात जावं लागलं आहे. राधेच्या दुधाची गोष्ट ती हीच. आठवड्यातल्या एका तासानं एका पोराचं आयुष्य सावरलं जात होतं आणि सावरणारीला त्याचा पत्ता नव्हता. हेग हा प्रसंग थोड्या पानांत आटोपतात, कारण त्यांना नोराला वेळेत घरी पोहोचवायचं आहे. त्यांनी तिथं थांबायला हवं होतं. लिओच्या आईला बोलू द्यायला हवं होतं, बॅनर्जींना बोलू द्यायला हवं होतं, सावंतांनी वृषालीला आणि शोणाला बोलू दिलं तसं. आणि मग मॉलीला निजवून आलेल्या नोरापुढं दोन्ही आयुष्यं ठेवून, दोन्ही चांगली आहेत हे मान्य करून, तिला स्वतःच्या तोंडानं उत्तर देऊ द्यायला हवं होतं.